इमेज-जे "मेमरी संपली" म्हणतं तेव्हा: नवा कम्प्युटर घेण्याआधी करायच्या गोष्टी



विज्ञान प्रदर्शनाचे दिवस जवळ आले की आपल्या भंडारा जिल्ह्यात तांदूळ, पानं आणि तलाव हे विषय हमखास निघतात. मूठभर तांदळात अख्खे दाणे किती आणि कणी किती, धानाच्या पानावर करपा किती पसरला, मामा तलावाचं पाणी उन्हाळ्यात किती आटलं, असे प्रश्न मुलं घेऊन येतात. हे सगळं आता फोटोवरून मोजता येतं, आणि मोजणारा इमेज-जे हा प्रोग्राम फुकट मिळतो. सुरुवातीचे दहा-वीस फोटो झकास मोजले जातात. मग एकदम पडद्यावर इंग्रजी चौकट येते, की उपलब्ध असलेली सगळी मेमरी वापरून झाली आहे. मुलं ओरडतात, "सर, फोटो उघडूनच नाही राहिला जी!" आणि शेजारी उभा असलेला कोणीतरी जाणकार सांगून मोकळा होतो, "डबा जुना झाला, नवा घ्या."

नवा घेण्याआधी हा लेख पूर्ण वाचा. इन्स्पायर अवॉर्ड मानक योजनेत निवड झालेल्या मुलाला प्रकल्पासाठी १०,००० रुपये मिळतात. ते पैसे नमुने गोळा करण्यात, भिंगात, प्रवासात जायला हवेत. कम्प्युटरवर ते खर्च झाले तर प्रकल्पाला काय उरणार? आणि पालकांनी तर मुलाच्या हट्टापायी हप्त्यावर लॅपटॉप घेण्याआधी एवढी खात्री जरूर करावी, की जुन्या यंत्रात खरोखर जागा नाही, की असलेली जागा प्रोग्रामला दिलेलीच नाही. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा दुसरं कारण निघतं.

इमेज-जे म्हणजे काय

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रासबँड यांनी १९८७ मध्ये मॅकिंटॉश कम्प्युटरसाठी 'एनआयएच इमेज' नावाचा प्रोग्राम लिहिला. पुढे १९९७ मध्ये त्यांनी तोच विचार जावा या भाषेत नव्याने मांडला, तो इमेज-जे. नावातला 'जे' म्हणजे जावा. हे जावा प्रकरण लक्षात ठेवा, आपल्या अडचणीचं मूळ तिथेच आहे. प्रोग्राम सार्वजनिक मालकीचा आहे. परवाना नाही, नोंदणी नाही. झिप फाईल उतरवायची, डेस्कटॉपवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये उघडायची आणि चालवायची. पेनड्राइव्हवरूनही चालतो. फक्त 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये ठेवू नका, तिथे विंडोज त्याला स्वतःच्या सेटिंगची फाईल लिहू देत नाही आणि मग आपण केलेला बदल टिकत नाही.

याचाच जोड-अवजारांसह मिळणारा मोठा भाऊ म्हणजे फिजी. दोन्हींत मेनू जवळजवळ सारखेच आहेत.

जगभरच्या प्रयोगशाळांत पेशी मोजायला हा वापरतात. पण तो फक्त डॉक्टरांचा आहे असं समजू नका. आपल्या वरठीत पोलादाचा कारखाना आहे हे भंडारा रोड स्टेशनावर उतरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. धातुशास्त्रात पोलादाचा तुकडा आरशासारखा घासतात, त्यावर नायटल म्हणजे नायट्रिक आम्ल घातलेलं अल्कोहोल लावतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धातूचे कण पाहतात. कण बारीक की जाड, यावरून पोलादाची ताकद कळते. ते कण मोजायचं तत्त्व आणि आपल्या ताटातल्या तांदळाचे दाणे मोजायचं तत्त्व एकच: कडा ओळखायच्या, ठिपके वेगळे करायचे, प्रत्येकाचं क्षेत्रफळ काढायचं. नववी-दहावीच्या मुलांना हे सांगून पाहा, कारखान्याच्या चिमणीकडे ती वेगळ्या नजरेने पाहतील.

३ एमबीचा फोटो ४६ एमबी कसा होतो

पालकांचा नेहमीचा प्रश्न असतो, "सर, फोटो तर ३ एमबीचाच आहे. कम्प्युटरमध्ये ४ जीबी आहे. मग शंभर फोटो का मावत नाहीत?"

नऊवारी लुगड्याची घडी कपाटात किती जागा घेते? वीतभर. पण त्याचे काठ मोजायचे असतील तर ते अंगणात पसरावं लागतं. जेपीजी फोटो म्हणजे घडी घातलेलं लुगडं आहे. डिस्कवर तो आक्रसून ठेवलेला असतो. इमेज-जेला प्रत्येक ठिपका, म्हणजे पिक्सेल, सुटा लागतो, म्हणून तो फोटो पूर्ण पसरतो. पसरलेल्या फोटोची जागा काढायचा हिशेब सातवीच्या मुलालाही जमतो. लांबीतले पिक्सेल गुणिले रुंदीतले पिक्सेल गुणिले एका पिक्सेलला लागणारे बाइट.

साध्या १२ मेगापिक्सेलच्या मोबाईलचा फोटो ४००० बाय ३००० असतो. म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल. रंगीत फोटोच्या एका पिक्सेलला इमेज-जे ४ बाइट देतं. झाले ४ कोटी ८० लाख बाइट. एका एमबीत १०,४८,५७६ बाइट असतात, त्याने भागा. सुमारे ४६ एमबी. हाच आकडा इमेज-जे फोटोच्या खिडकीच्या वरच्या ओळीत छापतं. मुलांना आधी पाटीवर हिशेब करू द्या आणि मगच फोटो उघडा. आकडा जुळला की वर्गात जो आवाज होतो, तो ऐकण्यासारखा असतो.

आता असे ६० फोटो एकत्र उघडले तर सुमारे २,७५० एमबी झाले. फोन ५० मेगापिक्सेलवर लावलेला असेल तर एकच फोटो १९० एमबीचा. आणि एवढ्यावर भागत नाही. 'अनडू' करता यावं म्हणून प्रोग्राम चालू फोटोची एक प्रत बाजूला ठेवतो, काही क्रियांना मधली प्रत लागते. म्हणून मी मुलांना सांगतो, हिशेबात जे उत्तर येईल त्याच्या दुप्पट-तिप्पट जागा धरून चला.

स्कॅनर वापरत असाल तर हा हिशेब आणखी डोळे उघडतो. ए-फोर कागद ३०० डीपीआयला स्कॅन केला तर २४८० बाय ३५०८ पिक्सेल येतात, रंगीत असेल तर ३३ एमबी. ६०० डीपीआय केला की दुप्पट होईल असं वाटतं, पण होतो चौपट, १३३ एमबी. १२०० डीपीआय केला तर ५३१ एमबी. लांबी दुप्पट, रुंदीही दुप्पट, म्हणून क्षेत्रफळ चौपट. भूमितीच्या तासाला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

टेबलावरची खडूची रेघ

आता मूळ अडचणीकडे येऊ. हार्ड डिस्क म्हणजे कपाट आणि रॅम म्हणजे टेबल, हे आपण मुलांना शिकवतोच. कपाटातून वस्तू काढायची, टेबलावर मांडून काम करायचं. जावामध्ये लिहिलेल्या प्रोग्रामचं एक वैशिष्ट्य असं, की सुरू होतानाच त्याच्यासाठी टेबलावर खडूने रेघ मारलेली असते. "या रेघेच्या आत काय मांडायचं ते मांड, बाहेर हात लावायचा नाही." रेघेपलीकडे अर्धं टेबल रिकामं पडलेलं असलं तरी प्रोग्राम म्हणतो जागा संपली. ती चौकट येते ती अशी. कम्प्युटरची मेमरी संपली असं ती सांगत नसते. इमेज-जेच्या वाट्याची संपली, एवढंच तिचं म्हणणं.

जुन्या प्रतींमध्ये ही रेघ काही शे एमबीवरच मारलेली असते. म्हणून ८ जीबीच्या नव्याकोऱ्या यंत्रावरही तीच चौकट येऊ शकते. नवा डबा घेऊन काय मिळालं मग?

आधी रेघ कुठे आहे ते पाहा. इमेज-जेच्या छोट्या मुख्य खिडकीत अवजारांच्या चित्रांखाली एक रिकामी पट्टी असते. तिच्यावर एकदा क्लिक करा. किती एमबी वापरली, एकूण किती एमबीपैकी आणि ते किती टक्के, हे तिथे दिसतं. 'पैकी'चा आकडा म्हणजे तुमची रेघ. हेल्प मेनूतल्या अबाउट इमेज-जे मध्येही हा आकडा दिसतो, आणि तिथे जावाची आवृत्ती ३२ बिट की ६४ बिट हेही लिहिलेलं असतं. दोन्ही आकडे वहीत टिपून घ्या, पुढे लागतील.

रेघ पुढे सरकवायची कशी

काम दोन मिनिटांचं आहे. एडिट मेनू उघडा, त्यात ऑप्शन्स, त्यात मेमरी अँड थ्रेड्स. एक लहान चौकट येईल. त्यात मॅक्सिमम मेमरीसमोर एमबीमध्ये आकडा असतो, तो बदला. खालचा थ्रेड्सचा आकडा आहे तसा राहू द्या. ओके करा. मग इमेज-जे पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. हे शेवटचं लोक विसरतात. रेघ सुरुवातीलाच मारली जाते, त्यामुळे चालू असलेल्या प्रोग्रामला नवी रेघ लागू होत नाही. पुन्हा सुरू झाल्यावर पट्टीवर क्लिक करून नवा आकडा आला का ते तपासा.

किती आकडा द्यायचा? इमेज-जेच्या मार्गदर्शनातला नियम असा आहे की प्रत्यक्ष रॅमच्या ७५ टक्क्यांच्या वर जाऊ नये. ८ जीबी असेल तर ६,००० एमबीपर्यंत. ४ जीबीला नियमाप्रमाणे ३,००० होतात, पण मी शाळेच्या यंत्रावर २,००० च देईन. विंडोजलाच चांगली मोठी जागा लागते, शिवाय अँटिव्हायरस असतो, मागे कोणीतरी क्रोममध्ये सहा टॅब उघडे ठेवलेले असतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. तिथे परफॉर्मन्समध्ये मेमरी पाहा, काहीही चालू नसताना किती रिकामी आहे ते कळेल. तो आकडा कागदावरच्या नियमापेक्षा जास्त खरा.

"जेवढी आहे तेवढी सगळीच देऊन टाकली तर?" असा प्रश्न एखादा विद्यार्थी विचारतोच. विचारायलाच हवा. टेबल भरलं की विंडोज वस्तू कपाटात कोंबायला लागतं, मग काम आलं की पुन्हा बाहेर काढतं. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर हे चालू झालं की डिस्कचा कुरकुर आवाज येतो, माउस अडखळतो, साधा फोटो उघडायला मिनिटं जातात. चौकट येत नाही, पण कामही होत नाही. मेमरी कमी असल्यापेक्षा ही अवस्था वाईट, कारण नेमकं काय बिघडलं ते कळत नाही आणि मुलं बटणं दाबत सुटतात.

३२ बिटची भिंत

बऱ्याच शाळांत अजून जुनी यंत्रं आहेत. त्यात ३२ बिट विंडोज किंवा ३२ बिट जावा असेल तर एक भिंत लागते. ३२ अंकी द्विमान संख्येने जास्तीत जास्त ४ जीबीपर्यंतचे पत्ते लिहिता येतात (२ चा ३२ वा घात, मुलांना काढायला लावा, ४२९ कोटींच्या पुढे जातो). त्यातले साधारण निम्मेच विंडोज एका प्रोग्रामला देतं, आणि जावाला तर सलग मोकळी जागा लागते. त्यामुळे प्रत्यक्षात दीड ते पावणेदोन जीबीच्या पुढे रेघ जातच नाही, यंत्रात कितीही रॅम असो.

विंडोज ६४ बिट आहे की नाही ते सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि मग अबाउट इथे दिसतं. विंडोज ६४ बिट आणि जावा मात्र ३२ बिट, अशी जोडी कितीदा तरी सापडते. अशा वेळी काही विकत घ्यायचं नाही, ६४ बिट जावासह येणारी इमेज-जेची झिप पुन्हा उतरवायची. भिंत तिथेच संपते.

आकडा फारच मोठा दिला तर इमेज-जे सुरूच होत नाही, जावा यंत्रणा तयार करता आली नाही असा संदेश येतो. घाबरायचं कारण नाही. प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये इमेज-जे नावाची, सीएफजी शेपटीची एक छोटी फाईल असते. ती नोटपॅडमध्ये उघडा. एका ओळीत एक्सएमएक्स या अक्षरांना चिकटून एक आकडा आणि त्यामागे एम हे अक्षर दिसेल. तीच आपली खडूची रेघ. आकडा कमी करा, सेव्ह करा. तेही जमत नसेल तर ती फाईल सरळ काढून टाका आणि प्रोग्राम पुन्हा सुरू करा. मुलांना ही फाईल दाखवाच. मेनूत केलेला बदल शेवटी कुठेतरी एका साध्या ओळीत लिहिला जातो, हे डोळ्यांनी पाहिलं की कम्प्युटरची भीती निम्मी होते.

मेमरी वाढवता येत नसेल तर

समजा यंत्र २ जीबीचं आहे आणि त्यात वाढायला जागा नाही. तरी प्रकल्प अडत नाही. उलट मला तर वाटतं, इथून पुढचा भाग मोठ्या यंत्रवाल्यांनीही वाचावा.

तांदळाचे १०० फोटो एकत्र उघडायची गरजच काय? प्रत्येक फोटोवर तीच क्रिया करायची आहे. प्रोसेस मेनूत बॅच आणि त्यात मॅक्रो आहे. त्याला फोटोंचा फोल्डर दाखवायचा आणि क्रियांची यादी द्यायची. तो एक फोटो उघडतो, काम करतो, बंद करतो, मग दुसरा घेतो. टेबलावर एका वेळी एकच लुगडं. शंभर असोत की हजार, जागा एकाचीच लागते. क्रियांची यादी हाताने लिहायची गरज नाही. प्लगइन्समध्ये मॅक्रोज आणि त्यात रेकॉर्ड सुरू करा, एका फोटोवर सगळं काम स्वतः करा, यादी आपोआप लिहिली जाते.

फोटो क्रमाने पाहायचेच असतील, म्हणजे अंकुर दर तासाला किती वाढला वगैरे, तर फाईलमध्ये इम्पोर्ट आणि त्यात इमेज सिक्वेन्स निवडताना 'यूज व्हर्च्युअल स्टॅक' या चौकोनावर खूण करा. मग फोटो कपाटातच राहतात, जो पाहायचा तेवढाच टेबलावर येतो. एक लक्षात ठेवा, अशा वेळी एका फोटोवर केलेला बदल पुढच्या फोटोवर गेलात की टिकत नाही. पाहायला चांगलं, खोडायला-रंगवायला नाही.

तिसरा उपाय रंग काढण्याचा. दाण्यांचा आकार मोजायला रंग लागत नाही. इमेज मेनूत टाइप आणि त्यात ८ बिट केलं की पिक्सेलला ४ ऐवजी १ बाइट लागतो. ४६ एमबीचा फोटो साडेअकरावर येतो. मघाचे ६० फोटो २,७५० वरून ६९० एमबीच्या आत. मात्र करप्याचे डाग मोजायचे असतील तर हिरवा आणि तपकिरी वेगळे ओळखायला रंग लागतोच, तिथे हे करू नका.

आणि काम झालेल्या खिडक्या बंद करा हो! वीस खिडक्या उघड्या ठेवून मेमरी नाही म्हणून रडायचं, हे दप्तर न आवरता वही सापडत नाही म्हणण्यासारखं आहे. खिडक्या बंद केल्यावर मघाच्या पट्टीवर पुन्हा क्लिक केलं की जावा पडलेला कचरा झाडून टाकतं आणि आकडा खाली येतो. येत नसेल तर मेमरी अँड थ्रेड्सच्या चौकटीत पट्टीवर क्लिक केल्यावर कचरा उचलायची खूण आहे, ती लावा.

फोटो लहान करायचा, पण किती?

इथे जरा थांबून बोलतो, कारण मेमरी वाचवायच्या नादात मोजमापच खोटं होतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

कणीचं उदाहरण घ्या. सरकारी प्रतवारीत अख्ख्या दाण्याच्या पाऊण लांबीपेक्षा लहान तुकडा म्हणजे कणी. सरकारी खरेदीच्या कच्च्या तांदळात कणीची मर्यादा अनेक वर्षं २५ टक्के होती. म्हणजे कणीच्या आकड्यावर खऱ्या माणसांचे खरे पैसे ठरतात. आपल्या भागातल्या प्रत्येक मुलाच्या घरी कोणी ना कोणी धान विकलेलं असतं, राइस मिलमध्ये हुज्जत घातलेली असते.

समजा अख्खा दाणा ६ मिलिमीटर आहे. मग सीमारेषा साडेचार मिलिमीटरवर आली. ३०० डीपीआयच्या स्कॅनमध्ये एक पिक्सेल सुमारे ०.०८५ मिलिमीटरचा असतो आणि अख्खा दाणा ७१ पिक्सेल लांब दिसतो. कडेला एखाद्या पिक्सेलची चूक झाली तरी बिघडत नाही. आता जागा वाचवायला तोच स्कॅन ७५ डीपीआयवर आणला. मेमरी सोळा पटीने कमी झाली, सगळे खूश. पण दाणा उरला १८ पिक्सेलचा आणि एक पिक्सेल झाला ०.३४ मिलिमीटरचा. साडेचार मिलिमीटरच्या आसपासचे दाणे एका पिक्सेलच्या फरकाने इकडचे तिकडे जाणार. अख्खा दाणा कणीत, कणी अख्ख्यात. कम्प्युटर मात्र दशांशचिन्हानंतर तीन अंक देऊन ऐटीत उत्तर छापणार.

म्हणून माझं मत असं: रंग काढा, कडेचा रिकामा कागद कापून टाका, एकेक फोटो घ्या. पिक्सेल कमी करणं सगळ्यात शेवटी. आणि केलंच तर आधी एकाच नमुन्याचं मोजमाप मोठ्या आणि लहान अशा दोन्ही फोटोंवर करून पाहा. उत्तर बदललं नाही तर पुढे जा. परीक्षकांनी विचारलं की "एवढाच आकार का घेतला?", तर मुलाकडे दाखवायला तक्ता असेल.

मोजण्याची रीत थोडक्यात सांगतो. दाणे काळ्या कागदावर एकमेकांना न चिकटता पसरा, शेजारी मोजपट्टी ठेवा. फोटो ८ बिट करा. ॲनालाइझमधल्या सेट स्केलने पट्टीवरून मिलिमीटर ठरवा. मग पट्टीचा भाग कापून टाका, नाहीतर ती पण दाणा म्हणून मोजली जाईल. इमेजमध्ये ॲडजस्ट आणि त्यात थ्रेशोल्डने दाणे आणि कागद वेगळे करा. ॲनालाइझमधल्या सेट मेजरमेंट्समध्ये फेरेट डायमीटरवर खूण केली की दाण्याची सगळ्यात जास्त लांबी मिळते. शेवटी ॲनालाइझ पार्टिकल्स. चिन्नोरसारखा बारीक दाणा आणि जाड दाणा शेजारी शेजारी मोजून पाहा, तक्ता वाचायला मुलांना कंटाळा येत नाही.

मामा तलाव आणि २३० एमबीची पट्टी

आपल्याकडे माजी मालगुजारी तलावांना मामा तलाव म्हणतात, आणि भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा. तलावाचा प्रकल्प करणाऱ्या मुलांसाठी युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात. त्यात एक पिक्सेल जमिनीवर १० मीटरचा असतो. एक चौरस किलोमीटरचा तलाव म्हणजे १०० बाय १००, दहा हजार पिक्सेल. मोजायला भरपूर.

अडचण अशी की चित्र तलावापुरतं येत नाही. एक अख्खा चौकोन येतो, बाजू १०,९८० पिक्सेलची, म्हणजे जवळपास ११० किलोमीटर. भंडाऱ्याहून नागपूर साधारण ६० किलोमीटर, त्यावरून अंदाज घ्या. पिक्सेल झाले १२ कोटींच्या वर, प्रत्येकाला २ बाइट, म्हणून एका रंगपट्ट्याला २३० एमबी. पाणी ओळखायला हिरवा आणि जवळचा अवरक्त असे दोन पट्टे लागतात. १९९६ मध्ये मॅकफीटर्स यांनी सुचवलेलं सूत्र सोपं आहे: दोघांची वजाबाकी भागिले दोघांची बेरीज. पाणी अवरक्त किरण गिळतं म्हणून तिथे उत्तर धन येतं, जमिनीवर आणि झाडीवर बहुतेक ऋण. पण भागाकाराला अपूर्णांक लागतात, त्यासाठी चित्र ३२ बिट करावं लागतं, मग प्रत्येक चित्र ४६० एमबी. दोन पट्टे, बेरीज, वजाबाकी, उत्तर, अशी पाच चित्रं. २,३०० एमबी! २,००० ची रेघ इथे तुटते, ३२ बिटच्या यंत्राला तर विचारूच नका.

आणि आपल्याला हवा आहे एक तलाव. फिजीमध्ये बायो-फॉरमॅट्स नावाच्या अवजाराने चित्र उघडताना 'क्रॉप ऑन इम्पोर्ट' अशी खूण असते. तिथे तलावाभोवतीचा ५०० बाय ५०० पिक्सेलचा, म्हणजे ५ किलोमीटर बाजूचा चौकोन मागायचा. अडीच लाख पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट, एका चित्राला १ एमबीपेक्षाही कमी. पाचही चित्रं मिळून ५ एमबीच्या आत. पावसाळा संपल्यावरचं एक आणि मे महिन्यातलं एक चित्र असं शेजारी लावा, आटलेलं क्षेत्र हेक्टरमध्ये काढा. एक पिक्सेल १०० चौरस मीटर, १०० पिक्सेल म्हणजे एक हेक्टर. आजोबांना विचारून तलाव पूर्वी कुठवर असायचा ते नकाशावर आखून घेतलं तर प्रकल्पाला आणखी वजन येईल. पावसाळ्यातली चित्रं मात्र टाळा, ढगच मोजले जातात.

हे सगळं करूनही रॅमच कमी पडत असेल तर मग पट्टी विकत घ्या. नवा कम्प्युटर तरीही लागत नाही. टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर किती खाचा आहेत आणि किती भरल्या आहेत ते विंडोज १० मध्ये दिसतं. दुकानात जाताना जुनी पट्टी डीडीआर-३ आहे की डीडीआर-४, लॅपटॉपची की डेस्कटॉपची, हे लिहून न्या. एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही. आणि विंडोज ३२ बिट असेल तर ४ जीबीच्या वर घालून उपयोग नाही, ते आधी बघा. पट्टी बसवून झाली की एडिट, ऑप्शन्स, मेमरी अँड थ्रेड्स इथे जाऊन आकडा वाढवायचा आहे, रेघ आपोआप सरकत नाही.